सदऱ्यावरचा तो डाग गेरूचा नव्हता

आमच्या घराण्यात अखिल भारतीय पातळीवर पहिला आलेला एकच माणूस आहे आणि तो मी, असं गेली जवळजवळ सत्तर वर्षं सगळे समजतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा हे मुलीकडच्यांना सांगितलं गेलं. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ते भाषणात घातलं. नातवंडांच्या शाळेत आजोबांविषयी निबंध लिहायचा असला की सुरुवात ठरलेली. यात खरं एवढंच आहे की स्पर्धा अखिल भारतीय होती. पहिली माझी धाकटी बहीण आली होती.

स्पर्धा बनेटीची होती. बनेटी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. खांद्याएवढी काठी आणि तिच्या दोन्ही टोकांना कापडाचे घट्ट बांधलेले गोळे. मिरवणुकीत हे गोळे तेलात भिजवून पेटवतात. मग काठी अशी फिरवायची की फिरवणाऱ्याभोवती आगीचं चाक उभं राहिलं पाहिजे. आमच्या व्यायामशाळेचे वस्ताद मुलांच्या हाती आग देत नसत. पूर्वी देत असत, पण एका पोराच्या भुवया गेल्या आणि त्याची आई थेट आखाड्यात उतरली, तेव्हापासून बंद. त्याऐवजी त्यांनी गेरू काढला. बादलीत दाट गेरू कालवायचा, गोळे त्यात बुडवून पिळायचे, पांढरे कपडे घालून उभं राहायचं आणि फिरवायचं. गोळा अंगाला टेकला की ठसा. आगीनं भाजलं असतं, गेरूनं नुसती अब्रू जायची. शेवटी एका स्टुलावर उभं राहून हात पसरून गोल फिरायचं आणि वस्तादांनी ठसे मोजायचे. उडालेले थेंब माफ, ठसा मात्र माफ नाही.

आमचं घर उज्जैनला माधव नगरात होतं आणि व्यायामशाळा देवास गेटच्या बाजूला. संध्याकाळी आम्ही दोघं पुलावरून परत येत असू. वाटेत एक कचोरीवाला बसायचा. त्याला बनेटीतलं काही कळत नव्हतं, पण निकाल त्याला रोज कळायचा.

“क्यों भैया, आज कौन जीता?”

“मी.”

“झूठ मत बोल. सारा गेरू तो तेरी ही पीठ पर है.”

धाकटीचा सदरा कोरा असायचा. सदरा खरं तर माझाच, मला आखूड झालेला. मी साडेअकरा वर्षांचा आणि ती नऊची. मुलींचा वेगळा गट करण्याएवढ्या मुली नव्हत्या, म्हणून वस्तादांनी तिला मुलांतच उभं केलं होतं. तिला पहिल्यांदा त्या वेषात पाहून शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “अहो, पोरीला पायजमा घालून कुठं पाठवून राहिलात?” आई म्हणाली, “दादाबरोबर पाठवते. त्याला एकट्याला पाठवलं तर तो गेरू पिऊन येईल.”

मला जमत नव्हतं असं नाही. पण पीठफेर आली की माझी गडबड व्हायची. पीठफेर म्हणजे काठी चालत्या वेगात पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची. वस्ताद ओरडायचे, “अबे, कोपर आत ठेव! हाथी के माफक झुलू नकोस!” धाकटीला त्यांनी कधी काही सांगितलं नाही. तिची काठी चालू झाली की ते विडी विझवून नुसते बघत राहायचे.

स्पर्धा उज्जैनला भरवायची हे ठरलं तेव्हा मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश व्हायची तयारी चालली होती. माझे वडील सरकारी कचेरीत होते, त्यामुळे घरात रात्रंदिवस एकच विषय: भोपाळला जावं लागणार का, आणि लागलं तर केव्हा. संयोजकांना वेगळी काळजी होती. त्यांनी प्रशस्तिपत्रं आधीच छापून ठेवली होती आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘मध्यभारत’ होतं. स्पर्धा लांबली तर राज्यच राहणार नव्हतं. म्हणून दसरा होताच, ऐन उन्हात, घाईघाईनं दिवस ठरवला गेला.

अखिल भारतीय म्हणजे कोण कोण? ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, झाशी, बडोदा आणि नागपूर. जो तो मराठीतून भांडत होता. हा कसला भारत, अशी कुणीतरी तक्रार केली. मग अमृतसरहून दोन मुलं आणि कलकत्त्याहून एक चष्मेवाले मास्तर बोलावले गेले आणि भारत पूर्ण झाला. बारा वर्षांखालच्या गटात जो पहिला येईल तो जानेवारीत दिल्लीला मुलांच्या मेळाव्यात बनेटी फिरवणार होता. आम्हा दोघांचीही नावं या एकाच गटात होती. पुढच्या वर्षी मी त्या गटात बसणार नव्हतो. धाकटीला अजून दोन-तीन वर्षं होती. हा हिशेब मी तेव्हाच मनाशी केला होता, आणि नंतरही अनेक वर्षं स्वतःला तोच ऐकवत राहिलो.

त्या दिवशी सकाळी आईनं औक्षणाचं ताट काढलं आणि दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं.

वडील म्हणाले, “अगं, ही दोघं एकमेकांविरुद्ध आहेत. देवाची पंचाईत होईल.”

“काही होत नाही. देवाजवळ पहिला नंबरही आहे आणि दुसराही.”

“आणि नागपूरकरांनी काय करायचं?”

“त्यांना त्यांच्या आया ओवाळतील.”

आईचं कुंकू घरी हळदीचं केलेलं असायचं आणि ती ते ओलं करून अंगठ्यानं भरघोस लावायची. ते लावल्यावर कपाळ जड वाटायचं. मी पुलावर पोचताच रुमालानं ते खसखसून पुसलं, कारण बडोद्याची आणि नागपूरची मुलं काय म्हणतील! धाकटीला म्हटलं, “तूही पूस.” ती म्हणाली, “आईनं लावलंय,” आणि पुढे चालू लागली.

मैदानावर पंच तिघे होते. त्यांतले मुख्य म्हणजे पंजाबातले निवृत्त सुभेदार. मिशा अशा की पोरं त्यांच्याकडे बघताना आपोआप ताठ उभी राहायची. नियम कडक होते. एकदा बनेटी गेरूत बुडवून घेतली की ती दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून रांगेत उभं राहायचं. खाली ठेवायची नाही, एका हातात घ्यायची नाही. ज्याच्या अंगावर एकही ठसा तो पहिल्या क्रमांकातून बाद, मग बाकी काम कितीही चांगलं असो.

धाकटी माझ्या पुढे होती. तिच्यापुढे अमृतसरचा एक मुलगा होता आणि त्याचं काही केल्या संपत नव्हतं. ऊन डोक्यावर. मला तिचा कान, मान आणि डावा खांदा दिसत होता. कपाळावरचा घाम कुंकू घेऊन भुवईवरून डोळ्याकडे येऊ लागला. तिनं मान झटकली. मग डोळा मिचकावला. हात तर अडकलेले. शेवटी तिनं डावा खांदा उचलला आणि मांजर तोंड पुसतं तसं कपाळ त्यावर घासलं. झालं, डोळा वाचला. खांद्यावर चांगला चार बोटं तांबडा पट्टा उमटला.

मी तो पाहिला. तिनं पाहिला नाही, ती समोर बघत होती. मी तिला हाक मारणार होतो, हे अगदी खरं आहे. पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती आत गेली.

त्या दिवशी तिनं जे केलं ते मी नंतर मोठ्या माणसांतही पाहिलेलं नाही. ताशा सुरू झाला आणि काठी दिसेनाशी झाली. डोक्यावर, कमरेभोवती, गुडघ्याखालून. पीठफेर बाकीच्यांनी एकेक केली. तिनं लागोपाठ पाच घेतल्या. चष्मेवाले मास्तर उठून उभे राहिले. आमचे वस्ताद मैदानाच्या दुसऱ्या टोकाला इंदूरकरांशी पाण्याच्या टाकीवरून भांडत होते, तेही भांडण सोडून वळले. ताशा थांबला, ती स्टुलावर चढली, हात पसरले आणि फिरली. सुभेदारांनी छडीचं टोक तिच्या डाव्या खांद्याजवळ नेलं.

“यह क्या है, बेटी?”

तिनं मान वळवून पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडवेला नव्हता, कोड्यात पडल्यासारखा होता.

“लगा है, जी.”

“कब लगा?”

तिनं खरोखरच विचार केला. डोळे मिटून, सगळं पुन्हा आठवून पाहिलं. मग म्हणाली, “पीछे से लेते समय... तीसरी बार में लगा होगा, जी.”

सुभेदार भला माणूस होता. त्याला तो डाग नको होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं रांगेकडे पाहिलं. “किसी ने देखा, कब लगा?”

सगळ्यांत जवळ मी होतो. हातात बनेटी, कपाळ स्वच्छ पुसलेलं. एक वाक्य बोलायचं होतं. कुंकू म्हणजे काय हे पंजाबी सुभेदारांनाही सांगता आलं असतं, घरात त्यांनाही बायको असेल. मी बनेटीच्या गोळ्याकडे बघत उभा राहिलो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझं नाव पुकारलं.

आता चातुर्य पाहा. ती बाद झाली हे ठाऊक असल्यामुळे मी एकच पीठफेर घेतली, तीही सावकाश, कोपर बरगडीला चिकटवून. बाकी वेळ डोक्यावर नुसतं चाक फिरवलं. सदरा कोरा राहिला. मी पहिला, नागपूरचा एक मुलगा दुसरा आणि धाकटी तिसरी, असा निकाल लागला. वस्तादांनी माझी पाठ थोपटली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, “ऐसा कैसा लगा? ऐसा लगताच नहीं.”

परतताना कचोरीवाल्यानं हाक मारली. त्याला धाकटीनंच उत्तर दिलं, “आज दादा जीता.”

“और यह कंधे पर?”

“मुझसे गलती हो गई.”

त्यानं आम्हा दोघांना गरम कचोऱ्या दिल्या. तिनं तिची खाल्ली. माझीही तिनंच खाल्ली.

इथपर्यंत मी गप्प बसलो होतो, एवढंच म्हणता येईल. खोटं बोललो ते दुसऱ्या दिवशी. आई कपडे वाळत घालत होती. धाकटी शाळेत गेली होती आणि मी ‘विजेता’ म्हणून घरी होतो. आईनं तिचा सदरा उन्हात धरला.

“हे बघ रे. डाग गेला. नुसती पिवळट झाक राहिली.”

“हो का?”

“गेरू असा कधी जातो का? तुझ्या दोन सदऱ्यांवर गेल्या दिवाळीपासून बसलाय, हलत नाही.” तिनं कापड नाकाशी नेलं. “गेरूच होता ना हा?”

“गेरूच. तू चांगला धुतलास म्हणून गेला.”

आई एवढीशी स्तुती ऐकून हसली आणि पुढचं कापड पिळायला लागली.

दिल्लीचं सांगून टाकतो, कारण ते लोकांना फार भव्य वाटतं. थंडीनं बोटं वळत नव्हती. गेरू नव्हताच. माझ्या छातीवर आडवा पट्टा होता आणि त्यावर ‘मध्यभारत’ लिहिलेलं होतं. हे राज्य आता नाही, असं तिथल्या एका गृहस्थांच्या लक्षात आलं. त्यांनी ‘भारत’वर कागद चिकटवून ‘प्रदेश’ लिहिलं. ‘मध्य’ तसंच ठेवलं, तेवढीच शाई वाचली. माझी पाळी जेवणाच्या सुट्टीत आली. मी तीन मिनिटं बनेटी फिरवली आणि ती एका आचाऱ्यानं पाहिली. धाकटीसाठी मी एक लाकडी बाहुली आणली. तिनं ती घेतली आणि लगेच शेजारच्या मुलीला देऊन टाकली. “मला बाहुल्या आवडत नाहीत, तुला माहीत नाही का?” म्हणाली. माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात आमचं बिऱ्हाड भोपाळला गेलं. माझी बनेटी सामानात बांधली. तिचीही बांधू लागलो तेव्हा ती म्हणाली, “राहू दे. माझा हात ऐन वेळी चुकतो.” त्यानंतर हे वाक्य तिचंच होऊन बसलं. कॉलेजच्या नाटकात काम मिळत होतं, नाही म्हणाली, माझं ऐन वेळी चुकतं. यजमानांनी स्कूटर शिकवायला घेतली तेव्हाही तेच. ती गणिताची शिक्षिका झाली, अर्ध्या इंदूरला तिनं बीजगणित शिकवलं, संसार उत्तम केला. माझ्या एका गप्प बसण्यानं तिचं आयुष्य वाया गेलं असं म्हटलं तर ती मला हाकलून देईल. पण ते वाक्य मी दिलेलं होतं आणि ते प्रत्येक वेळी मला ऐकू येत होतं. मी मात्र कुठल्याही लग्नाकार्यात आग्रह झाला की अंगणातला बांबू घेऊन फिरवून दाखवायचो. ती टाळ्या वाजवायची.

मागच्या वर्षी भाऊबीजेला मी इंदूरला तिच्याकडे गेलो होतो. तिची नात मलखांबाच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या उडीला घसरून नुकतीच परत आली होती. मुलगी दहा वर्षांची. पलंगावर तोंड फिरवून पडलेली. धाकटी तिच्या पायाशी बसली आणि सांगायला लागली.

“माझंही असंच झालं होतं गं. तिसऱ्या पीठफेरीला डावं कोपर बाहेर गेलं. एवढंसंच. मला कळलंसुद्धा नाही. आपल्या घरातच हे असेल, ऐन वेळी हात चुकायचं.”

म्हणजे तिनं कोपरसुद्धा शोधून काढलं होतं. न घडलेली चूक सत्तर वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवली होती आणि आता ती नातीला देत होती. मी म्हणालो, “तुझं कोपर आत होतं.”

“तुला काय आठवतंय दादा, तू तर मागे उभा होतास.”

“मागे होतो म्हणूनच सांगतो.” आणि मी सगळं सांगितलं. घाम, खांदा, सुभेदारांचा प्रश्न, वाळत घातलेला सदरा.

आधी नात उठून बसली. “आजोबा, तुम्ही चीटिंग केली?”

“हो.”

“नॅशनल्समध्ये?”

“हो.”

“बाप रे,” ती म्हणाली, आणि गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर तरतरी आली.

 धाकटीनं आपला डावा हात मागे नेला, कोपर बरगडीला लावलं, बाहेर काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “तुला ओवाळून झालंय ना? मग तू आता नीघ.”

मी निघालो. दोन महिने तिनं फोन घेतला नाही. तिची सून सांगायची, “मामा, त्या घरीच आहेत, पण नाहीत असं सांगायला सांगितलंय.” संक्रांतीला तिचा स्वतःहून फोन आला. तिळगूळ वगैरे काही नाही.

“लिहून काढ. सगळ्यांनी वाचलं पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांनी, तुझ्या बँकेतल्या लोकांनी, तुझ्या बायकोनं आधी.”

तिला मी हे लिखाण दोनदा वाचून दाखवलं. दोन दुरुस्त्या तिनं केल्या. पीठफेरी मी तीन लिहिल्या होत्या, त्या पाच होत्या. आणि एका ठिकाणी ‘मी तेव्हा लहान होतो’ असं वाक्य होतं, ते तिनं काढायला लावलं. “तू लहान नव्हतास. लहान मी होते.”

काढलं.

मग मी विचारलं, “आता झालं ना? तू पहिली, मी दुसरा.”

“आणि नागपूरकर?”

“त्याचं काय?”

“त्याला दुसरा नंबर मिळाला होता. तो खोटाच की. तो तिसरा. तेही लिही.”

“अगं, तो कुठं असेल, असेल की नसेल...”

“ते मला सांगू नकोस. लिही.”

तेव्हा लिहितो. धाकटीच्या सदऱ्यावर गेरू नव्हता. तिसऱ्या पीठफेरीला तिचं कोपर आत होतं, आणि बाकीच्या चारींनाही. ती पहिली, मी दुसरा. नागपूरचे ते गृहस्थ हयात असतील आणि हे त्यांच्या वाचनात आलं, तर त्यांनी कृपा करून आपला क्रमांक तिसरा समजावा. त्यांना राग येणं साहजिक आहे. त्यांनी मला काय हवं ते बोलावं, पण शक्य असल्यास माझ्या बहिणीसमोर, म्हणजे तिलाही ते ऐकता येईल.